अप्पा, तुम्ही झोपला होतात का?

अप्पा, तुम्हाला इतकं ताठ बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात, हे मला ठाऊक होतं. झरीत शिक्षकाची नोकरी करताना कितीतरी जणांच्या मातीला गेलो. पण तुम्हाला तसं बघायची माझी तयारी नव्हती. कपाळभर विभूती, गळ्यात हार आणि पाठ सरळ. तुमची पाठ मी कधी सरळ पाहिली नव्हती. भांड्यांच्या दुकानात तुम्ही गादीवर डाव्या कोपरावर लवंडलेले, लग्नात मांडवाच्या खांबाला टेकलेले, आणि उन्हाळ्याच्या शिबिरात तर सतरंजीवर आडवेच. "कणा द्येवानं दिलाय मास्तर, पन रोजच्या वापरासाठी न्हाई," हे तुमचंच वाक्य मला तिथं आठवलं आणि हसू आलं. तुमच्या मुलानं, शिवकुमारनं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, बेलाचं पान वाहिलं आणि हळूच म्हणालो, "शरणार्थ, अप्पा."

रोज सकाळी शाळेत जाताना तुमच्या दुकानासमोर सायकलचा वेग मी कमी करायचो. तुम्ही लवंडल्या लवंडल्या हात वर करून "जय भीम, मास्तर" म्हणायचात आणि मी "शरणार्थ, अप्पा" म्हणायचो. ज्याचा नमस्कार त्याच्या पदरात टाकायचा, हा आपला जुना खेळ. त्या दिवशी माझा अर्धा झाला आणि तुमचा अर्धा आला नाही. तुम्ही गेलात हे मला तेव्हा पटलं.

त्याला अजून महिना व्हायचाय. गावात तुमच्याविषयी सगळे चांगलं बोलतात, त्यात मी वेगळं काय सांगणार. मी लिहायला बसलोय ते एका प्रश्नासाठी. दवाखान्यात मी तुम्हाला भेटायला आलो होतो त्या दुपारी तुम्ही डोळे मिटून पडला होतात. तुम्ही खरंच झोपला होतात का?

हा प्रश्न मी तुम्हाला हयातीत इतक्यांदा विचारला की तुम्हाला त्याचं नवल वाटणार नाही. फक्त तेव्हा तो भांडणाचा होता. आता त्याच्या उत्तरावर माझी झोप अडकलीय.

आपलं शिबिर सुरू कसं झालं, आठवतं? वैशाखात शाळा बंद, आणि लेकरं दिवसभर उन्हात नाही तर विहिरीत. मी म्हटलं, शाळेतच पाचसहा दिवस त्यांना मुक्कामाला ठेवू. ज्यानं त्यानं आपली वळकटी आणि ताटवाटी आणायची, सकाळी व्यायाम, मग हस्तकला, मग सामान्यज्ञान. मी गळ्यात शिट्टी अडकवून तयार. तुमचा शिबिराशी संबंध एवढाच, की स्वयंपाकाची मोठी पातेली तुमच्या दुकानातून उसनी आणली होती. ती लेकरं बडवतात का हे बघायला तुम्ही संध्याकाळी आलात आणि राहिलात. त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात आलात. वहिनी दर वर्षी म्हणायच्या, "नवी पातेली जात्यात आन् पोचे पडून येत्यात. ती काय मग मी कपाळाला इकू?" आणि दर वर्षी तुम्ही नवीच पातेली आणायचात.

मुक्कामाला आलेल्या लेकराला पहिल्या संध्याकाळी घर आठवतं. दिवस मावळताना एक रडायला लागलं की चार लागतात. मी जवळ जाऊन सांगायचो, रडू नको, शहाणा ना तू. त्यानं रडणं वाढायचं. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधला एक मुलगा सुट्टीला मामाकडे आला होता आणि मामानं त्याला शिबिरात आणून सोडलं होतं. तो हुंदके देऊ लागला तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या शेजारी आडवे झालात आणि आभाळाकडे बघत म्हणालात, "आता ह्या टायमाला तुमच्याकडं मनमाडची गाडी येती न्हाई का?"

"न्हाई," तो रडत रडत म्हणाला. "आता अकोल्याची."

"अकोल्याची पहाटं."

"पहाटं परळीची."

"तुला काय ठावं? मी किती डाव पूर्णेला उतरलोय."

तो डोळे पुसून उठून बसला. तुम्ही एकेक गाडी चुकीची सांगत गेलात, तो दुरुस्त करत गेला. शेवटी तुम्ही स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात गाडी लेट असल्याचं सांगू लागलात, तेव्हा जवळ बसलेली सगळीच लेकरं हसली. मी नंतर म्हणालो, अप्पा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का? तुम्ही म्हणालात, "मास्तर, माझी गाडी रोज चुकती. म्हून तर दुकान टाकलं."

कवड्या खेळताना तुम्ही लबाडी करायचात, उघड उघड, आणि पकडलं की भांडायचात. मी चिडायचो. मुलांवर काय संस्कार होतील असं मी तुम्हाला एकदा सगळ्यांसमोर विचारलं. तुम्ही म्हणालात, "मोठ्या माणसाला चोरी करताना धरायला मिळालं की पोरगं आठ दिस पोट भरल्यावानी ऱ्हातंय. तुमी कधी सापडतच न्हाई, त्येनी करावं काय?" मला ते तेव्हा नुसतं तोंड चालवणं वाटलं. तुम्हाला हरायला आवडायचं नाही, हेही तितकंच खरं होतं. एकदा दहा वर्षांच्या पोरीनं तुम्हाला खरोखर हरवलं तेव्हा तुम्ही रात्री जेवला नाहीत.

पण आपलं मुख्य भांडण दुपारचं.

आपल्याकडच्या उन्हात दुपारी लेकरांना बाहेर सोडता येत नाही. म्हणून जेवणानंतर सगळ्यांनी मोठ्या वर्गात झोपायचं, खिडक्यांना ओली पोती लावायची, एका बाजूला पोरं, दुसऱ्या बाजूला पोरी आणि मोठ्यांपैकी कुणीतरी लक्ष ठेवायला. ते काम तुम्ही मागून घेतलंत. आणि तुम्ही काय करायचात, तर दाराशी आडवे होऊन सगळ्यांच्या आधी घोरायला लागायचात. लेकरं झोपायची कुठली. कुजबुज सुरू. मी ऑफिसात दुसऱ्या दिवसाची तयारी करत असायचो आणि ती कुजबुज ऐकून माझं डोकं उठायचं.

"अप्पा, तुम्हाला लक्ष ठेवायला बसवलंय."

"बसवलंय कुठं. झोपवलंय."

"लेकरं काय बोलत होती?"

"मला काय ठावं, मास्तर. मी झोपलेलो."

दर वर्षी हेच. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. कुजबुज वाढून गलका झाला, किंवा कुणी कुणाला टोचून बोललं, की तुम्ही कूस बदलायचात. तोंडानं काही नाही, डोळे मिटलेलेच. फक्त मोठा उसासा टाकून ह्या अंगावरून त्या अंगावर. वर्ग गप्प व्हायचा. मग हळूहळू पुन्हा सुरू, पण जरा जपून. झोपलेला माणूस नेमका त्याच क्षणी कूस कसा बदलतो, हे मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "ढेकूण चावला आसंल."

एका वर्षी आमची लेक मेघा चौथीत होती. ती बोलताना अडकायची. पहिलं अक्षर निघायचंच नाही, मान ताणली जायची, डोळे मिटायचे. ते मला बघवायचं नाही. मी तिचा शब्द पुरा करून टाकायचो. तिला पाणी हवं असलं की "प" म्हणायच्या आत मी पाणी आणून द्यायचो. पाहुण्यांसमोर तिचं नाव मीच सांगायचो. हे मी प्रेमानं करत होतो, असंच मला वाटायचं. शाळेत ती बोलतच नसे. तिला शिबिरात घेतलं ते माझ्या नजरेसमोर राहील म्हणून.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी खिडकीवरच्या पोत्यांवर पाणी मारायला बाहेरून आलो आणि आतून तिचा आवाज ऐकला. ती पोरींना काहीतरी सांगत होती. अडकत होती, थांबत होती, पुन्हा धरत होती. कुणी हसत नव्हतं. मी बादली खाली ठेवली. माझ्या लेकीला सलग इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. आणि मग ती म्हणाली, "आमचे प... प... पप्पा माझं बोलणं खाऊन टाकतेत."

पोरी खुदखुदल्या. एक म्हणाली, "माझी आजी बी खाती."

मी काय करायला हवं होतं? बादली उचलून निघून जायला हवं होतं. मी तुम्हाला ओलांडून सरळ आत गेलो आणि म्हणालो, "मेघा, मी कधी तुझं बोलणं खाल्लं? पप्पा तुला मदतच करतात ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मान ताणली. आणि मी, अप्पा, तेव्हाही तिच्या ऐवजी म्हणालो, "हो ना?"

तुम्ही कूस बदललीत.

संध्याकाळी हौदाजवळ तुम्ही मला गाठलंत. तुम्हाला रागावलेलं मी तेव्हा पाहिलं. "मास्तर, तुमी आत कशाला आलाव?"

"माझी लेक आहे ती."

"घरी हाय. हितं न्हाई. हितं लेकरू कुणाचंच नसतंय, म्हून त्येला बोलता येतंय."

"म्हणजे तुम्ही जागे होता."

"मी? मी झोपलेलो."

मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही. सकाळी दुकानासमोरून सायकल जोरात न्यायचो. तुमचा जय भीम मागून यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मला वाटलं मेघा शिबिराला नको म्हणेल. तिनंच वळकटी बांधली आणि दाराशी उभी राहून मला म्हणाली, "प... पण तुम्ही दुपारी यायचं नाही." हे सबंध वाक्य बोलायला तिला बराच वेळ लागला. मी ते पूर्ण होईपर्यंत थांबलो. अप्पा, ते थांबणं मी तुमच्याकडून शिकलो. आज ती परभणीला एका वकिलाच्या हाताखाली काम करते. कोर्टात उभी राहते, अडकते, पुन्हा धरते आणि तिथं शब्द पुरा करायला मी नसतो. हे तुमच्या दुपारच्या झोपेचं देणं आहे, हे मला कळून कितीतरी वर्षं झाली. कितीतरी वर्षं मी रोज सकाळी तुमच्यासमोर सायकलचा वेग कमी केला आणि शरणार्थ म्हणून पुढं गेलो. थांबून हे सांगितलं नाही.

आता दवाखान्यातली दुपार.

मी प्रशिक्षणातून परस्पर आलो होतो, घाईत. तुम्ही पांढऱ्या चादरीखाली अर्धे झालेले दिसलात. मला काय बोलावं सुचेना म्हणून मी शिबिराचंच बोलत राहिलो. वर्गाचा पत्रा गळतोय, टँकर सांगावा लागेल, यंदा लेकरं जास्त येतील. तुम्ही ऐकत होतात आणि ऐकता ऐकता डोळे मिटलेत. मी आवाज खाली आणला. वहिनी ओलं फडकं पिळत होत्या. त्यांच्या तोंडावर इतके दिवस हसू नव्हतं, ते आणावं असं मला वाटलं असेल. मी म्हणालो, "वहिनी, यंदा दुसरं कुणीतरी बघावं लागेल. तसंही अप्पा काय, शिबिरात नुसते झोपायलाच येत होते."

वहिनी हसल्या नाहीत. तुम्ही भिंतीकडे कूस बदललीत.

मी तसाच निघालो. पुन्हा भेट झाली ती तुम्ही ताठ बसलेले असताना.

ते मी गमतीनं म्हणालो, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. पूर्ण खरं नाही ते. पालकांकडे खेटे घालायचे मी, पाण्याचं बघायचं मी, पोट दुखलं तर रात्री डॉक्टरकडे पळायचं मी, आणि शेवटच्या दिवशी लेकरं गळ्यात पडून रडायची ती तुमच्या. मला ते लागायचं. इतकी वर्षं जे मनात कुरकुरत होतं ते गमतीचा सदरा घालून त्या दिवशी बाहेर आलं, आणि तेही तुम्ही निजलेले असताना. किंवा नसताना.

यंदा शिबिर घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. गावात सांगूनही टाकलं. मग एका सकाळी वहिनींचा निरोप आला, दुकानात या. मी गेलो. गादी गुंडाळून ठेवली होती. वहिनींनी चार नवी पातेली पुढं सरकवली.

"घिऊन जावा."

"वहिनी, यंदा शिबिर नाही."

"मग पोचे कोन पाडणार?" त्या म्हणाल्या. "इतकी सालं मी भांडले त्येच्याशी. आता गुळगुळीत पातेली घिऊन बसू का मी हितं?"

मी पातेली उचलली. दारात थांबून, जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "वहिनी, त्या दिवशी दवाखान्यात मी बोललो तेव्हा अप्पा जागे होते का?"

मी काय बोललो होतो ते त्या विसरल्या नव्हत्या. "मला काय इचारताव, मास्तर," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापसनं त्यो मानूस कवा झोपतो आन् कवा सोंग घेतो, मला कळलं न्हाई."

आज शिबिराचा दुसरा दिवस. मेघा रजा टाकून सकाळीच आलीय, पोरींकडे बघायचं काम तिनं घेतलंय. लेकरं काल संध्याकाळी मुक्कामाला आली. आज दुपारी वर्गात लक्ष ठेवायला कुणी झोपायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिट्टी काढून खिशात ठेवली आणि तुमच्या जागी, दाराशी, सतरंजीवर आडवा झालो. मेघा पलीकडच्या भिंतीशी पडली आणि प्रवासानं दमलेली, लगेच झोपली.

तिथं आडवं झाल्यावर मला एक गोष्ट कळली. तुम्ही दाराशी का झोपायचात. वाऱ्यासाठी, असं मला वाटायचं. तुमचं अंग उंबऱ्याला लागून पसरलेलं असायचं. विहिरीकडे पळायचं असेल तर तुम्हाला ओलांडूनच जावं लागलं असतं. मी डोळे मिटले.

"सर झोपले का रं?"

"सर झोपतच नसतेत."

"मग डोळे कशाला मिटलेत?"

"बघायलेत आपण काय करायलाव ते."

मग एक मुलगी, आवाज ओळखीचा, पाचवीतली. "सर चांगले हायत. पण लय बघतेत."

अप्पा, ते मला कुठं लागलं ते तुम्हाला सांगायला नको. उठून बसावं, काहीतरी म्हणावं, निदान हसून दाखवावं, असं हातापायांत आलं. मी श्वास मोजूनमापून सोडत राहिलो. आणि पडल्या पडल्या मला जाणवलं की ती पोरगी माझ्याविषयी वाईट बोलत नव्हती. ती मैत्रिणीशी बोलत होती. मी तिथं होतो, हे केवळ माझं दुर्दैव. ऐकलेलं आपल्याजवळ ठेवून पडून राहायचं, बस, एवढंच काम होतं. इतकी वर्षं तुम्ही काय काय ऐकून पडून राहिलात.

मग एका मोठ्या मुलानं विषय बदलला. "ए, ह्यानं रात्री वळकटी ओली केली. मी बघितलंय." एका लहानग्याचा श्वास अडकलेला मला इथवर ऐकू आला.

मी मोठा उसासा टाकला आणि कूस बदलली.

वर्ग गप्प झाला. भिंतीकडे तोंड करून मी पडलो होतो आणि मला त्या मोठ्या मुलाचा राग येत नव्हता. आला असता तर मी उठलो असतो. मला एवढंच वाटत होतं, की बाळा, तेवढं पुरे, आता पुढं चांगलं बोल. आणि जे बोलला त्यासाठी त्याला कुणासमोर मान खाली घालायची वेळ येऊ नये.

मी तसाच पडून राहिलो, अप्पा. दवाखान्यातली तुमची पाठ मला दिसत होती. तुम्ही जागे होतात की नव्हतात, ते मला अजून कळलेलं नाही. पण जागे असाल, तर तुम्ही काय केलंत ते मला कळलं.

माझ्या मागं तो लहानगा कुणालातरी हळूच काही सांगू लागला होता.

संध्याकाळी हौदावर मेघा तोंड धुवायला आली. पातेल्याला आजच एक पोचा पडलाय, तो तिनं मला दाखवला. मग म्हणाली, "पप्पा, दु... दु... दुपारी पोरं काय बोलत होती?"

तिचं विचारून पुरं होईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "मला काय ठाऊक. मी झोपलो होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नाही, अप्पा. माझाही कधी बसला नव्हता.